डच घरगुती चित्रे पाहताना

सतराव्या शतकातील डच मध्यमवर्गीय घरांची चित्रे अभ्यासायला घेतली आहेत, तर सुरुवातीलाच शंभर चित्रे चाळू नका. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील पीटर द होख याचे 1663 सालचे एकच चित्र घ्या आणि त्यापुढे अर्धा तास बसा. दोन स्त्रिया धुतलेल्या, घडी घातलेल्या चादरी भल्यामोठ्या ओक लाकडी कपाटात रचत आहेत, आणि मागे दाराशी एक मूल काठीने चेंडू टोलवते आहे. नजर आधी त्या पांढऱ्या घड्यांवर जाते, पण चित्राचा जीव त्यांच्यामागच्या उघड्या दारात आहे: काळोख्या खोलीतून उजळ दालन, दालनातून रस्ता, आणि पलीकडची घरे. प्रकाशाचा हा मार्ग कागदावर पेन्सिलीने काढून पाहा. कापडांनी भरलेले कपाट ही त्या घराची ऐपत आणि गृहिणीची शिस्तही होती, हे ध्यानात ठेवा.

मात्र अशा चित्रांना छायाचित्र समजू नका (मीही प्रथम तेच केले होते). त्यांत सर्रास दिसणारी संगमरवरी फरशी प्रत्यक्ष घरांत क्वचितच असे. नंतर त्याच काळातील डच चित्रकार यान स्टेन याने रंगवलेली पसारा पडलेली घरे पाहा.