गाण्याचं नाव म्हणजे नेमकं काय? मुखडा, ध्रुवपद की बोल?

एका वाचकाने विचारलंय: "'गोमूचं गाणं लाव' म्हटलं की घरात एकाला एक आठवतं, दुसऱ्याला दुसरंच. अशा सारख्या नावाच्या गाण्यांसाठी मराठीत काही शब्द आहे का? आणि मुळात गाण्याच्या नावाला शीर्षक म्हणायचं की मुखडा?"

आधी गोमूचा निकाल लावू. 'गोमू माहेरला जाते हो नाखवा' हे 'वैशाख वणवा' चित्रपटातलं, गदिमांचं, जितेंद्र अभिषेकींच्या आवाजातलं. 'गोमू संगतीनं' हे 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) मधलं, सुधीर मोघ्यांचं, आशाबाई आणि हेमंतकुमारांनी गायलेलं. पहिलीचं लग्न झालंय, तिच्या घोवाला कोकण दाखवायचंय. दुसरीने अजून होकारही दिलेला नाही. तेव्हा माणसं दोन, गाणी दोन, फक्त हाक एक.

आता शब्द. 'शीर्षक' कवितेला असतं, ते कवी देतो. 'शीर्षकगीत' तर आणखी वेगळं, ते चित्रपटाचं किंवा मालिकेचं. 'मुखडा', म्हणजे गाण्याच्या तोंडाच्या ओळी, हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा शब्द, अंतऱ्याच्या म्हणजे कडव्याच्या जोडीने येणारा. 'ध्रुवपद' म्हणजे दर कडव्यानंतर परत येणारी ओळ. गाथेत तिच्यापुढे 'ध्रु.' छापलेलं असतं. 'पालुपद' अर्थाने तेच, पण बोलण्यात ते आता कटकटीलाच उरलंय: "झालं याचं पालुपद सुरू!" गाण्याच्या नावासाठी ते वापरू नये.

माझं मत विचाराल तर आकाशवाणीच्या निवेदकांनी रुळवलेला शब्द सर्वांत चांगला: बोल. "गीताचे बोल आहेत..." आणि मग गीतकार, संगीतकार. म्हणून गोमूच्या जोडीला 'सारख्या बोलांची गाणी' म्हणावं. 'समनामी' वगैरे घडवता येईल, पण चहा पिताना कोणी म्हणणार नाही.

खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे गाण्याला नाव बहुधा कवी देत नाही, ऐकणारे देतात. आणि ते पहिली ओळच उचलतील असंही नाही. जी ओळ त्या गाण्याला इतरांपासून वेगळं काढते, ती उचलतात. आरत्याच बघा. गणपतीची, शंकराची, विठोबाची, तिन्हींचं ध्रुवपद 'जय देव जय देव'. ते नाव म्हणून बिनकामाचं, म्हणून गणपतीसमोर कोणी तरी ओरडतं, "आता लवथवती घ्या!" आणि टाळ बरोबर त्या आरतीवर पडतात. इथे पहिला चरण नाव झाला.

ज्ञानेश्वरांच्या एका रचनेत उलटं झालं. गाथेत ती 'इवलेंसें रोप लावियेलें द्वारीं' अशी सुरू होते आणि ध्रुवपद आहे 'मोगरा फुलला'. पहिल्या चरणांच्या अकारविल्हे सूचीत ती 'इ'खाली सापडते, 'म'खाली शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. लताबाईंच्या आवाजामुळे घरोघरी मात्र 'मोगरा फुलला'च. 'जोगवा'तलं 'जीव रंगला' तर 'जीव दंगला गुंगला रंगला असा' या ओळीतले मधले दोन शब्द गाळूनच लोकांनी घेतलं.

सावरकरांच्या गीताला तीन नावं आहेत. कवितेचं शीर्षक 'सागरास', पहिली ओळ 'ने मजसी ने', आणि 'सागरा प्राण तळमळला' हे परत परत येणारे बोल. १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेली ही कविता शीर्षकाने ओळखणारा माणूस मला तरी क्वचितच भेटतो.

शीर्षकं खरोखर एकमेकांवर आपटतात ती 'महाराष्ट्रगीता'त. कोल्हटकरांचं 'बहु असोत सुंदर' महाराष्ट्रगीत, गोविंदाग्रजांचं 'मंगल देशा' हे 'श्रीमहाराष्ट्रगीत', आणि २०२३ पासून राज्यगीत झालेलं राजा बढ्यांचं 'जय जय महाराष्ट्र माझा' यालाही लोक महाराष्ट्रगीतच म्हणतात. शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत नुसतं 'महाराष्ट्रगीत' छापलं तर पेटीवाल्याने काय धरायचं? तिथे पहिली ओळ छापावीच.

विठ्ठलाच्या गाण्यांत घोटाळा सर्वांत जास्त. 'कानडा' म्हटलं की एक 'कानडा राजा पंढरीचा', गदिमांचं, सुधीर फडके आणि वसंतराव देशपांड्यांनी गायलेलं. दुसरं ज्ञानेश्वरांचं 'कानडा वो विठ्ठलु कर्नाटकु', जे खरं तर 'पांडुरंगकांती' या शब्दाने सुरू होतं. गदिमांनी तो 'कानडा' कुठून उचलला हे सांगायला नको. त्यामुळे इथलं साम्य योगायोगाचं नाही, एका गाण्याने दुसऱ्याला दिलेली ती ओळख आहे. गोमूच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. कोळीगीताच्या वळणाचं गाणं आलं की गोमू आणि नाखवा येणारच.

'अवघा'चं त्रिकूट तर फोनवर शोधताना हमखास फसवतं. 'अवघा रंग एक झाला' सोयराबाईंचा अभंग, किशोरीताईंनी गायलेला. 'अवघाचि संसार सुखाचा करीन' ज्ञानेश्वरांचा. आणि तिसरं, 'अवघे गरजे पंढरपूर', बरेच जण संतांच्या नावावर खपवतात. ते अभंग नाही, 'गोरा कुंभार' नाटकातलं पद आहे. शब्द अशोकजी परांजपे यांचे, चाल अभिषेकींची.