सार्कोसोमा शोधायला निघताय?
सार्कोसोमा ग्लोबोसमसाठी पावसाळी भूछत्रांची सवय आधी बाजूला ठेवा. स्वीडनचा उप्लांड भाग, फिनलंड, एस्टोनिया इथे ही बुरशी बर्फ वितळल्यावर, साधारण एप्रिल-मेमध्ये दिसते. जंगल जुन्या स्प्रूसचं (सुईसारख्या पानांच्या झाडांचं) हवं, खाली शेवाळ आणि सुयांचा थर. ताठ चालत गेलात तर हमखास चुकेल, कारण तपकिरी गोळा शेवाळात अर्धा बुडालेला असतो. वाकून तिरक्या उजेडात त्याच्या माथ्यावरची काळी चकचकीत तबकडी शोधा.

आकार 5 ते 10 सेंमी, छोट्या मडक्यासारखा. बाहेरून मखमली, आत पाणीदार जेली गच्च भरलेली. पुढे जेली आटली की उरते सुरकुतलेली वाटी, आणि नवखे तिलाच वेगळी जात समजून बसतात! बुल्गारिया नावाच्या बुरशीशीही गल्लत होते. पण ती ओक, बीच या झाडांच्या मेलेल्या लाकडावर, शरदात येते. स्यूडोप्लेक्टानिया ही काळी बुरशी मात्र याच जंगलात, याच दिवसांत सापडते. ती जेमतेम 1-2 सेंमीची, आत जेली नाही.

स्वीडनमध्ये ही बुरशी संरक्षित आहे, तेव्हा उपटायची नाही. एक फोटो वरून, एक बाजूने, शेजारी मोजपट्टी. एखाद्या वर्षी काहीच उगवत नाही, म्हणून ती जागा यादीतून काढू नका.