ब्लॉकच्या भिंती, डबल काचा, तरी वरच्या मजल्यावर रात्री झोपवत का नाही?

तुम्ही विचारलंय की लातुरात नवं घर एएसी ब्लॉकचं (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांचं) बांधलं, खिडक्या डबल काचेच्या घट्ट बसवल्या, तरी वरच्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत डोळा लागत नाही. आजोबांच्या माळवदाच्या (लाकडावर मातीचं सपाट छत असलेल्या) घरात मात्र भर मेमध्ये दुपारी झोप लागायची. हे कसं?

मी याच भागात घरं बांधतो आणि स्वतःच्या घरात हेच भोगलंय. आज रात्री दहाला स्टुलावर चढून छताला तळहात लावा, मग भिंतीला. माझ्याकडे भिंत निवलेली होती आणि छत ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखं लागत होतं.

कारण साधं आहे. मेच्या मध्यावर आपल्याकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. सगळा मार छतावर बसतो आणि आपण पैसा घालतो भिंतीत. पाच इंची स्लॅबमधून ही उष्णता तीन-चार तासांत खाली उतरते. दिवेलागणीला खोली तापायला लागते ती त्यामुळे.

ब्लॉक उष्णता आत येऊ देत नाही, तशी आतली बाहेरही सोडत नाही. हलका असल्यामुळे पोटात साठवूनही घेत नाही. दोन-अडीच फुटी दगडी भिंत घरातली ऊब दिवसभर पिऊन घ्यायची. झोपलेला माणूससुद्धा साधारण 70 वॅटच्या बल्बइतकी उष्णता सोडतो. त्यात फ्रीज, गॅस, टीव्ही. बंद खिडक्यांआड हे सगळं कोंडून राहतं. ब्लॉक वाईट नाही, मी आजही तोच वापरतो. पण असं घर रात्री उघडावंच लागतं.

माळवदावर हातभर माती असायची, उन्हाची धग खाली पोचेपर्यंत रात्र उलटायची. म्हणून स्लॅबवर माती टाकू का, असं बरेच जण विचारतात. कृपा करून टाकू नका. 30 सप्टेंबर 1993 ला, विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारी परिसरात भूकंपात माणसं गेली ती याच दगड-मातीच्या वजनाखाली. तेव्हापासून आपल्या लोकांनी दगड सोडला तो उगाच नाही. गारवा हवा, पण हलका.

म्हणून आधी छत. गच्ची पांढरी करा. उघडं काँक्रीट बहुतेक ऊन पिऊन घेतं, पांढरा थर बहुतेक परत पाठवतो. खर्च झेपत असेल तर स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर दोन इंची फोमच्या पाट्या आणि वर पांढऱ्या टाइल्स. घरांसाठीच्या इको निवास संहितेत (2018) छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप, 1.2 च्या आत ठेवायला सांगितलाय; जितका कमी तितकं चांगलं. उघड्या स्लॅबचा तीनच्या वर जातो. पीओपीच्या सीलिंगवर मात्र भरवसा ठेवू नका. स्लॅब वर तापतोच, त्याची धग काही वेळ अडते एवढंच.

पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक किंवा शेडनेट लावा. ऊन काचेतून आत आलं की पडदा ओढून फारसा उपयोग नसतो, काच डबल असली तरी.

मग रात्र. दिवसा पारा 41-42 वर गेला तरी आपल्याकडे पहाटे तो 25-26 पर्यंत उतरतो. ही गार हवा फुकट आहे. नऊनंतर समोरासमोरच्या खिडक्या आणि गच्चीचं दार जाळी लावून उघडं ठेवा. गरम हवा जिन्यातून वर निघून जाते. माळवदातलं सानं, म्हणजे छतातला झरोका, हेच काम करायचं. सकाळी सातला सगळं बंद.

कूलर लावत असाल तर समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर नुसता दमटपणा साठतो. आणि तो पाणी खातो. 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावात कूलर हा पहिला उपाय नसावा, असं मला मनापासून वाटतं.

मी सुरुवात चुन्याच्या दोन हातांनी केली होती, त्याच आठवड्यात घरचे वर झोपायला लागले. पावसात चुना धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी पाडव्याच्या सुमारास पुन्हा मारावा लागतो.