टायटनसाठी नेदरलँड्सला येताना

भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर शनीच्या टायटन या उपग्रहाच्या वातावरणावर काम करण्यासाठी नेदरलँड्सला यावे का, आणि त्यासाठी अंबाजोगाईजवळचे दोन एकर रान विकावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळचा परभणीचा असून लायडनमध्ये मला अकरा वर्षे झाली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: रान विकू नका. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना इथे एम.एस्सी.चे शुल्क फार जड जाते, उलट पीएच.डी. ही बहुधा चार वर्षांची पगारी नोकरी असते, म्हणून एम.एस्सी. संभाजीनगर किंवा नांदेडला करून मग अर्ज करावा. नूर्डवेकला युरोपीय अंतराळ संस्थेचे मोठे केंद्र आहे खरे, पण तिथली कायम नोकरी सहसा सदस्य देशांच्या नागरिकांनाच मिळते. विद्यापीठातील संशोधनाला अशी अट नसते.

आता कामाविषयी. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स हे यान पॅराशूटने सुमारे अडीच तासांत टायटनवर उतरले. तिथली हवा मुख्यतः नायट्रोजनची, थोड्या मिथेनची. पृष्ठभागावर दाब पृथ्वीच्या दीडपट आणि तापमान उणे १७९ अंश. यान टेकल्यावर वायू तपासणाऱ्या उपकरणाच्या गरम नळीने खालची जमीन तापली आणि मिथेनचे प्रमाण एकाएकी वाढले, म्हणजे जमीन मिथेनने ओलसर होती. मृगाच्या पहिल्या सरीनंतर तापलेल्या काळ्या रानातून उठणारी वाफ पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वाऱ्याची मोजणी मात्र हातची जाणार होती, कारण हायगेन्सला शनीपर्यंत नेणाऱ्या आणि त्याचे संदेश पृथ्वीकडे पाठवणाऱ्या कॅसिनी यानावरचा एक रेडिओ ग्राहक (रिसीव्हर) चालू करण्याची आज्ञाच राहून गेली होती. पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणींनी हायगेन्सचा क्षीण संदेश थेट पकडला आणि त्याच्या वारंवारतेतील फरकावरून, १२० कि.मी. उंचीवर ताशी सुमारे ४३० कि.मी. वेगाने वाहणारा वारा जमिनीजवळ झुळकेइतका मंद होतो, हे कळले.

पुढचे यान, ड्रॅगनफ्लाय, २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये तिथे पोहोचायचे आहे. तेव्हा तुमची पीएच.डी. कॅसिनीने २०१७ पर्यंत पाठवलेल्या नोंदींवरच होईल, असे धरून चाला. सूर्यप्रकाशाने काही कोटी वर्षांत संपायला हवे ते मिथेन अजून शिल्लक कसे, हे कोडे सुटलेले नाही. या नोंदी सर्वांना मोफत खुल्या आहेत. त्यांना व्हिसा लागत नाही. हायगेन्सने मोजलेले दाब आणि तापमान घरीच उतरवून घ्या, उंचीनुसार आलेख काढा. सुमारे ४४ कि.मी.वर तापमान उणे २०३ अंशांपर्यंत खाली गेलेले दिसले, तर तो आलेख अर्जाला जोडा.