गाडी आणि आपण : मोटरहोममागे ओढायला कोणती छोटी गाडी?

प्रश्न : मुलगी-जावई अमेरिकेत कोलोरॅडोला असतात. त्यांनी फोर्ड ई-450 च्या चासीवर बांधलेली जुनी मोटरहोम (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेतली आहे. उन्हाळ्यात आम्ही दोघंही इथून जाणार आहोत. मुक्कामी पोचल्यावर गावात फिरायला हवी, म्हणून मागे एक छोटी गाडी जोडून न्यायची आहे. 2014 ची ऑटोमॅटिक होंडा सीआर-व्ही, सीव्हीटी (पट्टा आणि पुल्यांवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची टोयोटा कोरोला आणि जीप रँग्लर अशा तीन गाड्या नजरेत आहेत. जावई म्हणतात, कोरोला सगळ्यांत हलकी, तीच घेऊ. तुमचं मत काय?
— सुदामानगर, इंदूर

उत्तर : कोरोला घेऊ नका. चारही चाकं रस्त्यावर ठेवून गाडी ओढायची असेल तर आधी गिअरबॉक्स बघायचा, वजन त्यानंतर. ओढताना इंजिन बंद असतं, पण चाकं गिअरबॉक्सचे आतले भाग फिरवत राहतात. ऑटोमॅटिक आणि सीव्हीटीत तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. मग सीव्हीटीतला पोलादी पट्टा आणि पुल्या तेलाविना घासतात, आणि गिअरबॉक्स गेल्याचं कळतं ते थेट मुक्कामी गाडी सुरू केल्यावर.

2014 ची सीआर-व्ही मात्र ऑटोमॅटिक असली तरी चालेल. त्या वर्षापर्यंतच्या मॉडेलला कंपनीच्याच पुस्तिकेत अशी ओढायला परवानगी आहे. 2015 पासून सीव्हीटी आली आणि परवानगी गेली. म्हणून गाडीच्या जाहिरातीवर न जाता नोंदणीच्या कागदावर मॉडेलचं वर्ष तपासा. जोडण्याआधी इंजिन सुरू करून ब्रेक दाबा, गिअरचा दांडा सगळ्या जागांवरून फिरवा, ‘डी’वर (ड्राइव्ह) पाच सेकंद थांबून ‘एन’वर (न्यूट्रल) आणा, तीन मिनिटं इंजिन चालू द्या आणि मग बंद करा. हँडब्रेक सोडलेला हवा. किल्ली अ‍ॅक्सेसरीवर ठेवायची, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊन पुढची चाकं फरफटतील. दिवसभराचा प्रवास असेल तर आठ तासांनी हे सगळं पुन्हा करायचं. किल्ली तशी राहिल्यामुळे बॅटरी उतरते. मोटरहोममधून चार्जिंगची एक वायर मागे आणली की ती अडचण राहत नाही.

रँग्लर याहून सोपी, कारण तिच्या ट्रान्सफर केसला (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या भागाला) स्वतंत्र न्यूट्रल आहे. ते लावलं की चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. ऑटोमॅटिक असेल तर मुख्य गिअर ‘पी’त (पार्क), मॅन्युअल असेल तर गिअरमध्ये ठेवतात. न्यूट्रल खरंच लागलंय का, हे इंजिन चालू असताना ‘डी’ आणि ‘आर’ (रिव्हर्स) टाकून बघा. गाडी जागची हलता कामा नये. ही तपासणी कधीच चुकवू नका.

आता वजन. ई-450 ची स्वतःची भरलेली कमाल मर्यादा बऱ्याच मॉडेलांत 14,500 पौंड आणि मागच्या गाडीसकट 22,000 पौंड आहे; जुन्या मॉडेलांत ती कमी असू शकते, म्हणून गाडीवरची पाटी बघा. फरक 7,500 पौंडांचा, म्हणजे साधारण 3,400 किलो. पण मोटरहोमच्या मागच्या हिचवर (गाडी जोडायच्या जागेवर) 5,000 पौंड लिहिलेलं असेल तर तीच तुमची मर्यादा, 2,268 किलो. हिच, टो-बार (दोन गाड्या जोडणारा दांडा), मागच्या गाडीला बसवलेली बेसप्लेट (टो-बार अडकवायची पट्टी) या सगळ्यांत जो आकडा सर्वांत लहान तो धरायचा. सीआर-व्ही दीड हजार किलोंच्या थोडी वर, चार दारांची रँग्लर एकोणीसशेच्या आसपास. दोन्ही बसतात, पण मोटरहोम सामान, पाणी आणि माणसांसकट धरमकाट्यावर तोलून घ्या.

खरा खर्च आणि खरी काळजी ब्रेकची. मोटरहोमचे ब्रेक तिच्या स्वतःच्या वजनासाठी असतात. कोलोरॅडोच्या उतारांवर वरचे दीड-दोन टन त्यांच्यावर सोडू नयेत. मागच्या गाडीचा ब्रेक आपोआप दाबणारं उपकरण घ्याच. इंजिन बंद असल्यामुळे त्या गाडीचा ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीनदा दाबल्यावर रिकामा होतो आणि पेडल कडक होतं, हे लक्षात ठेवून उपकरण निवडा. ते जास्त ताकदीचं लावलं तर ब्रेक घासत राहून डिस्क तापतात. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांनी थांबा आणि चाकांजवळ तळहात नेऊन ऊब बघा, हात लावू नका. गाडी सुटली तर ब्रेक लावणारी ब्रेकअवे तार टो-बारला न बांधता मोटरहोमच्या सांगाड्याला बांधा. सुरक्षा साखळ्या फुलीसारख्या एकमेकींवरून न्या.

टो-बार जवळजवळ सपाट हवा. दोन टोकांच्या उंचीत तीन इंचांहून अधिक फरक असेल तर खालच्या-वरच्या उंचीचा जोड मिळतो, तो घ्या. आणि जोडलेल्या अवस्थेत रिव्हर्स घ्यायचा नाही, अगदी दोन हातही नाही: मागच्या गाडीची पुढची चाकं एका बाजूला वळून अडकतात आणि टो-बार वाकतो. पेट्रोल भरायला शिरण्याआधी बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवायची सवय लावा.

प्रश्न : फोर्स ट्रॅव्हलर 3350 वर कॅम्पर बांधून घेतोय. मागे आल्टो जोडून मांडू, ओंकारेश्वर, महेश्वर करता येईल का? नाहीतर अ‍ॅक्टिव्हा मागे टांगू?
— रामबाग, इंदूर

उत्तर : चालू स्थितीतली आल्टो अशी ओढणं आपल्या नियमांत बसत नाही. बंद पडलेलं वाहन जवळच्या गॅरेजपर्यंत टोचन करून नेणं किंवा नोंदणी केलेला ट्रेलर ओढणं, एवढीच मोकळीक आहे. आल्टो न्यायचीच तर कुणीतरी स्वतंत्र चालवत आणावी.

स्कूटर टांगता येते, पण आधी हिशेब करा. अ‍ॅक्टिव्हा 106 किलो, कॅरिअर 40-45, मिळून दीडशे. ट्रॅव्हलरचा व्हीलबेस (दोन एक्सलमधलं अंतर) 3.35 मीटर, स्कूटर मागच्या एक्सलच्या 2.2 मीटर मागे लटकली तर त्या एक्सलवर दीडशे नाही, जवळजवळ 250 किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरून 100 किलो कमी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं, पावसात पुढची चाकं घसरतात. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या दोन एक्सलच्या मध्ये किंवा पुढे बसवायला सांगा. काम सुरू आहे तोवर हे फुकटात होतं. मागचा ओव्हरहँग (मागच्या एक्सलच्या मागे येणारा गाडीचा भाग) व्हीलबेसच्या 60 टक्क्यांपुढे जाऊ नये, म्हणजे इथे 2.01 मीटर. कॅरिअर पक्का जोडून गाडीची लांबी वाढवण्याआधी आरटीओला विचारा. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. आमचं मत, स्कूटर आत घेता येईल असा मागचा दरवाजा आणि उतरती फळी करून घ्या. पलंग थोडा आखूड झाला तरी चालेल.

प्रश्न : ऑटोमॅटिक कार राऊ-खलघाट रस्त्यावर बंद पडली तर दोरीनं टोचन करून इंदूरला आणता येईल का?
— टिळकनगर, इंदूर

उत्तर : नाही. फ्लॅटबेड ट्रक बोलवा, गाडी पूर्ण वर चढवून आणा. विजेवरच्या गाडीलाही हेच, कारण तिची मोटर बहुधा चाकांशी कायम जोडलेली असते. गणपती घाटासारख्या तीव्र उतारावर दोरीवरची गाडी पुढच्या गाडीवर चालून जाते, आणि इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही जड झालेली असतात. फ्लॅटबेड येईपर्यंत चाकांना उताराच्या बाजूनं दगड लावा, धोक्याचा लाल त्रिकोण बराच मागे ठेवा आणि माणसं गाडीत न बसवता रस्त्याच्या कडेबाहेर उभी करा.