छोट्या गावातल्या हॉस्पिटलने अ‍ॅडमिशन बंद करून फक्त ओपीडी ठेवायची असेल तर कुणाकुणाला कळवावं लागतं?

तुम्ही लिहिलंय : वडिलांचं तालुक्याच्या गावी बारा खाटांचं हॉस्पिटल, त्यांचं वय अडुसष्ट, भूलतज्ज्ञ वेळेवर मिळत नाही, रात्रपाळीला सिस्टर टिकत नाहीत. म्हणून अ‍ॅडमिशन ‘सध्या’ थांबवून ओपीडी चालू ठेवायची आहे. नुसतं पेशंट घेणं थांबवलं तर चालेल का?

नाही चालत. आम्ही नेमकं तेच केलं होतं, म्हणून सांगते.

मी डॉक्टर नाही, डॉक्टरांची बायको. माणदेशातल्या एका गावात आमचं दहा खाटांचं हॉस्पिटल सव्वीस वर्षं चाललं. पेशंट डॉक्टरांकडे, केसपेपर, बिलं, लायसन्सं, मावश्यांचे पगार आणि तपासणीला आलेल्या साहेबांचा चहा माझ्याकडे. २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. मग सगळीकडे फायर ऑडिटचा जोर आला. यायलाच हवा होता. पण आमच्या इमारतीला जिना एकच, आणि दुसरा काढायचा तर तो शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात उतरला असता. डॉक्टर म्हणाले, पुरे आता. त्या दिवाळीला हर्नियाचे एक आजोबा टाके काढून घरी गेले, मावशींनी दहा चादरी धुऊन गच्चीवर वाळत घातल्या, आणि आम्हाला वाटलं, झालं.

मार्चमध्ये दवाखान्याचा कचरा नेणाऱ्या कंपनीचं बिल आलं. दहा खाटा, दर खाटेमागे रोजचा दर, असे सगळे महिने लावलेले. मी फोनवर तावातावाने म्हटलं, अहो, पिवळी पिशवी आठवड्याला मूठभर भरते, बिल कसलं पाठवता? पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे तुमच्या दहा खाटा चालू आहेत.”

सगळ्या सरकारी दप्तरांत हेच असतं. तुमच्या वॉर्डात खाटा रिकाम्या असतील, कागदावर त्या भरलेल्याच. आणि कागदावर खाटा आहेत तोवर त्या खाटांची सगळी कर्तव्यं तुमच्याकडे आहेत.

मूळ नोंदणीपासून सुरुवात करा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ चं प्रमाणपत्र (जुने लोक अजून ‘बॉम्बे नर्सिंग’ म्हणतात) तीन वर्षांचं असतं आणि ३१ मार्चला संपतं. त्यावर सही-शिक्का ज्याचा, तो तुमचा अधिकारी. महापालिका, जिल्हा शल्यचिकित्सक की जिल्हा आरोग्य अधिकारी, हे गावागावावर ठरतं. त्यांना एक पत्र : अमुक तारखेपासून आंतररुग्ण सेवा बंद, शेवटचा रुग्ण अमुक तारखेला डिस्चार्ज, मूळ प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून आणा. टपालाने पाठवून निवांत बसू नका. माझ्याकडे आज जी फाइल आहे तिची सगळी किंमत त्या जांभळ्या शिक्क्यांत आहे.

आता तुमचा ‘सध्या’ हा शब्द. या कामात मला ‘स्थगित’ असा रकाना कुठल्याच फॉर्मवर दिसला नाही. नोंदणी जिवंत ठेवायची असेल तर तिच्या अटीही जिवंत ठेवाव्या लागतात : खाटांच्या प्रमाणात सिस्टर, डॉक्टर, फायरची कागदपत्रं, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं अग्निसुरक्षेचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र, २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे भिंतीवर रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक. उद्या तपासणी आली तर ‘पेशंटच नाहीत हो’ हे उत्तर पुरत नाही. वडील सहा महिन्यांत पुन्हा अ‍ॅडमिशन सुरू करणार असतील आणि भूलतज्ज्ञाचा शब्द खरंच मिळाला असेल, तर नोंदणी ठेवा आणि तसं लेखी कळवा. नुसतं ‘बघू पुढे’ असेल तर परत करा. पुढे वाटलं तर नव्याने अर्ज करता येतो. आमच्या डॉक्टरांना हे पटायला दोन महिने लागले. प्रमाणपत्राची फ्रेम काढताना भिंतीवर जो पांढरा चौकोन राहिला, तो त्यांनी अजून रंगवू दिलेला नाही.

परत केल्यावर पाटी बदला, लेटरहेड बदला, आणि खाटा खरोखर हलवा. आमच्याकडे पाहणीला आलेले साहेब सरळ मागच्या खोलीत गेले. तिथे एक खाट, गादी, शेजारी सलाईनचा स्टँड. “ही कशाची?” मी म्हटलं, दुपारी डॉक्टर आडवे होतात. स्टँडवर त्यांचा शर्ट टांगलेला होता, म्हणून वाचलो. त्याच आठवड्यात खाटा एका वसतिगृहाला देऊन टाकल्या आणि पोच घेतली.

सोनोग्राफी असेल तर इथे जास्त लक्ष द्या. ओपीडीत मशीन वापरणारच असाल तर पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची) नोंदणी वेगळी चालू राहते, पण जागा, मशीन किंवा माणूस यात बदल होणार असेल तर त्या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, म्हणजे समुचित प्राधिकाऱ्याला, तीस दिवस आधी कळवायचं. केंद्र बंद करत असाल तर नोंदणी प्रमाणपत्राच्या दोन्ही प्रती परत करायच्या. ते होईपर्यंत दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंतचा अहवाल जातच राहिला पाहिजे, एकही सोनोग्राफी झाली नसली तरी शून्य लिहून. मशीन विकायचं तर घेणारा नोंदणीकृतच हवा आणि व्यवहार लेखी कळवायचा. फॉर्म भरण्यातली चूक ही नुसती कारकुनी चूक, हा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा मुद्दा सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये मान्य केला नाही. तेव्हा ‘राहून गेलं’ म्हणायची सोय या कायद्यात नाही.

गर्भपात केंद्राची मान्यता असेल तर तीही परत. तिचं अ‍ॅडमिशन रजिस्टर गोपनीय असतं, इतर कागदांत मिसळू नका. पाच वर्षं कुलपात ठेवायचं, मग नष्ट करायचं. रद्दीवाल्याला द्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. पण एका ओळखीच्यांकडे रद्दीच्या गठ्ठ्यातून ते जाता जाता बचावलं, हे मला माहीत आहे.

कचऱ्याचं मी सांगितलंच. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडचं खाटांचं अधिकारपत्र आणि संमती बंद करून बिनखाटांच्या दवाखान्याचं अधिकारपत्र घ्या. ते एकदाच घ्यावं लागतं. कचरा कंपनीशी करार नव्याने करा. आणि ज्या वर्षी खाटा बंद केल्या त्या वर्षाचा वार्षिक अहवाल, भले वर्षातले तीनच महिने चालवलं असेल, पुढच्या ३० जूनपर्यंत भराच. आमचा राहिला होता. खुलासा मागणारं पत्र आलं, डॉक्टरांनी दोन रात्री झोप घालवली. शेवटच्या आवराआवरीत निघालेल्या मुदत संपलेल्या औषधांचं काय करायचं तेही कंपनीला आधी विचारा. ओटीच्या कपाटात केटामिन, फेंटॅनिलसारखं भुलीचं काही औषध उरलं असेल तर रजिस्टरमधला शिल्लक आकडा आणि अँप्युल जुळवून, अन्न व औषध प्रशासनाला विचारूनच पुढचं पाऊल टाका. एक्स-रे ठेवणार असाल तर त्याला हात लावू नका. काढणार असाल तर एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) कळवूनच. ऑक्सिजनचे सिलिंडर पुरवठादाराचे असतात, परत करा आणि डिपॉझिट मागून घ्या. विमा कंपन्यांना, लाइट बिलाला, मेडिकल दुकानाच्या परवान्याला प्रत्येकी एकेक पत्र. ही कामं कंटाळवाणी आहेत, अवघड नाहीत.

माणसांचं मात्र अवघड आहे. आमच्या दोन मावशी पहिल्या दिवसापासूनच्या. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाच वर्षं पुरी केलेल्यांना ग्रॅच्युइटी लागू होते, वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. यात घासाघीस करू नका.

आता कागद. पेशंटने मागितले तर इनडोअर पेपर ७२ तासांत द्यावे लागतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं ते जपावे लागतात, असं २००२ चे मेडिकल कौन्सिलचे नियम सांगतात. सोनोग्राफीचे कागद दोन वर्षं, कचऱ्याचे पाच. पोलीस केस असेल तर निकाल लागेपर्यंत. बाळंतपणाचे पेपर मात्र आमच्या वकिलांनी बाळ एकवीस वर्षांचं होईपर्यंत ठेवायला लावले, कारण अज्ञान मुलाला सज्ञान झाल्यावर दावा लावायला वेळ मिळतो. शेवटच्या दिवसापर्यंतचे जन्म-मृत्यू एकवीस दिवसांच्या आत निबंधकाकडे गेलेत ना, तेही स्वतः तपासा. आमच्या जिन्याखाली तीन लोखंडी कपाटं आहेत, वाळवीसाठी वर्षातून दोनदा फवारणी करते. अजूनही कुणी ना कुणी येतं : काकू, पोराच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकली आहे, तुमच्या वहीत बघा ना.

शेवटचं, जे वडिलांना नक्की विचारा. खाटा गेल्या तरी रात्री बेल वाजणारच. सुप्रीम कोर्टाच्या १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून हे स्पष्ट आहे की सरकारी असो की खासगी, अत्यवस्थ माणसाला तातडीची मदत नाकारता येत नाही. प्रमाणपत्र परत केल्यावर चारच महिन्यांनी पहाटे दोनला एका वस्तीवरची मुलगी टेम्पोतून आली, बाळाचं डोकं दिसत होतं. ग्रामीण रुग्णालय अठरा किलोमीटर. डॉक्टरांनी तपासणीच्या टेबलावर सोडवली, मी १०८ ला फोन लावत होते, आणि नाळेचा चिमटा शोधायला लागला कारण सगळं पेटीत बांधून ठेवलेलं. तासाभरात मायलेकरं रुग्णालयात पोचली. सकाळी डॉक्टरांनी काय घडलं, किती वाजता, का हलवता आलं नाही, कधी पाठवलं, हे एका पानावर लिहिलं. एक प्रत आरोग्य अधिकाऱ्यांना, एक जन्मनोंदणीच्या नमुन्यासोबत. कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

तेव्हा बाळंतपणाचा निर्जंतुक संच, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), छोटा ऑक्सिजन सिलिंडर आणि ग्रामीण रुग्णालयाच्या ड्युटी डॉक्टरचा नंबर एवढं ओपीडीत हाताशी ठेवा. बाकी पत्रांचे मसुदे हवे असतील तर तुमचं गाव नगरपंचायतीत येतं की ग्रामपंचायतीत ते लिहा, माझ्या फाइलमधले नावं काढून पाठवते.