मुलाने पाळलेलं बदक काउंटी फेअरमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या जिल्हा जत्रेतल्या प्रदर्शनात, दाखवण्याइतकं चांगलं आहे का, हे आधी कसं ओळखायचं?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, ‘घरातले सगळे म्हणतात फारच देखणं आहे.’ त्या सगळ्यांना आधी बाजूला करा. आपला तो बाब्या हे बदकांनाही लागू आहे, आणि जज काही तुमच्या घरातला नसतो.

आम्ही ओहायोत राहतो. लेक फोर-एचमध्ये, म्हणजे इथल्या मुलांच्या संघटनेत, गेली तेव्हा ससा नको, कोंबडी नको, बदकच हवं म्हणून अडून बसली. वसंतात फीड स्टोअरमध्ये दिव्याखाली पिल्लांच्या टाक्या मांडतात. ‘रुआं’ या जातीची पाटी लावलेल्या टाकीतली पिल्लं घेऊन आलो. त्यातला नर म्हणजे गोट्या. पुढच्या मार्चपर्यंत त्याचं डोकं असं हिरवंगार चमकायला लागलं की पार्सल द्यायला येणारा माणूससुद्धा थांबून बघायचा. नवऱ्याने तेव्हाच जाहीर केलं, यंदा पहिला नंबर आपलाच.

मला खात्रीशिवाय काही पटत नाही. मी ‘स्टँडर्ड ऑफ परफेक्शन’ची जुनी प्रत मिळवली. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन हे पुस्तक १८७४ पासून काढतेय आणि इथला जज पक्ष्याला त्याच्याशीच ताडून बघतो. शेजारच्या पिंजऱ्यातल्या बदकाशी तुलना नंतरची. पुस्तकातला रुआं नर आडव्या, लांबरुंद अंगाचा, छातीखालची कातडीची घडी जमिनीला टेकेल की काय असा, आणि चांगला नऊ पौंडांच्या घरातला. आमचा गोट्या काट्यावर जेमतेम सहा भरला. अंग हलकं, पुढून उचललेलं. साध्या मॅलर्डचा, म्हणजे रानबदकाचा, थोराड भाऊ म्हणा. हॅचरीतून, म्हणजे पिल्लं उबवून विकणाऱ्यांकडून, येणारे बरेचसे रुआं असेच निघतात, त्यात दुकानदाराची फसवणूक वगैरे काही नाही. प्रदर्शनाची बदकं जोपासणारे लोक वेगळे आणि त्यांच्या बदकांचे दरही वेगळे.

मग मानेवरची पांढरी रेघ. ती मागच्या बाजूला थोडी उघडी राहायला हवी, गोट्याची पूर्ण गोल होती. हा दोष चालून गेला असता. पण पंख उघडला तर उडण्याच्या मोठ्या पिसांत एक पीस पांढरं. रुआंमध्ये त्यावर गुण कापत नाहीत, थेट बाद करतात.

मी लेकीला बोलावलं, पुस्तक आणि पंख शेजारी शेजारी धरून दाखवलं. त्यावरून आमच्या घरात जे भांडण सुरू झालं ते अजून चालू आहे. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्याशा पोरीचा हिरमोड कशाला करायचा, जज सांगेलच की. माझं म्हणणं, जज सांगणारच आहे, तर ते तिने पहिल्यांदा शंभर लोकांसमोर का ऐकावं? रडली ती, दार आपटून खोलीत गेली. संध्याकाळी पुस्तक घेऊन खाली आली आणि म्हणाली, ‘मग आपली मादी बघूया ना.’ मादीकडे तोवर घरात कोणी ढुंकून बघितलं नव्हतं, कारण ती तपकिरी. पण तिच्या प्रत्येक पिसावरची रेघ स्वच्छ होती, पंखात पांढरं काही नव्हतं. वजन तिचंही कमीच. लेकीने मादीचं नाव नोंदवलं.

आता गंमत ऐका. मॅलर्डच्या वंशातले रंगीत नर उन्हाळ्यात सगळी झळाळी टाकून देतात आणि मादीसारखे तपकिरी होतात, रंग परत येतो तो शरदात. इथल्या बऱ्याच काउंटी फेअर जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे ज्या हिरव्या डोक्यावर नवरा भाळला होता ते फेअरच्या आठवड्यात नव्हतंच! मादीला लाल फीत मिळाली. फोर-एचमध्ये निळी उत्तम, लाल चांगली, पांढरी त्याखाली. जजने कार्डावर लिहिलं, रेघ छान, अंग लहान. लेक मान डोलावत होती, तिला हे पाठ होतं. दोन पिंजरे सोडून एक मुलगा मात्र हुंदके देत होता. त्याच्या पेकिन जातीच्या पांढऱ्या बदकाला एंजल विंग होता, पंखाचं टोक बाहेर वळलेलं, लांबूनही दिसत होतं. घरात कुणीच त्याला ते सांगितलं नव्हतं. नवऱ्याने तो मुलगा माझ्याइतकाच नीट पाहिला, तरी आजही पाहुण्यांसमोर म्हणतो, ‘गोट्याला नेलं असतं तर...’

तर तुम्ही काय बघायचं? बदक आपल्याच नादात फिरत असताना लांबून बघा. पाठ सरळ हवी, चाल सारखी हवी, पंख अंगाला चिकटलेले हवेत. एंजल विंग कोवळ्या पिल्लाला वेळेवर पट्टी बांधून सुधारता येतो, वाढलेल्या बदकाचा सुधारत नाही, तिथे विषय संपला. मग दोन्ही पंख उघडून एकेक पीस बघा. पांढरं बदक असेल तर उन्हाने आणि पिवळ्या मक्याने पिसांवर पिवळट झाक येते, तेही बघा. शांपूचे व्हिडिओ बघून आंघोळी घालत बसू नका. आधीचे काही दिवस डोकं बुडेल इतकं स्वच्छ पाणी आणि कोरडं अंथरूण द्या, बाकीचं बदक स्वतः करतं.

यातलं काहीच जमत नसेल तरी शोमनशिपचा क्लास वेगळा असतो. तिथे बदकाला नाही, मुलाला गुण असतात, ते कसं धरतो, विचारलेलं सांगतो का. संकरित बदक तिथे बिनधास्त न्या. फेअरच्या आधी ब्रीडरकडून तयार बदक विकत आणून पोराच्या हातात देणारे पालक मी पाहिलेत. फीत मिळते, पण ती क्रेडिट कार्डाची.

एक राहिलं. मी हे रुआंवरून बोलतेय. कॉल डक ही बुटकी जात असेल तर काट्याचा हिशोब उलटा, पूर्ण वाढलेल्या नराचं ठरलेलं वजनच २६ औंस, म्हणजे पाऊण किलोही नाही, तिथे जास्त वजन हा दोष. रनर जातीचा असेल तर तो ताठ उभा राहतो की नाही हे आधी. आणि बर्ड फ्लूची साथ असेल तर सगळंच रद्द होऊ शकतं. २०१५ साली ओहायोत पक्ष्यांची सगळी प्रदर्शनं बंद ठेवली होती, त्यामुळे तुमच्या फेअरच्या ऑफिसात फोन करून घ्या.

आणि अहो, तुमचं बदक कुठल्या जातीचं आहे तेच तुम्ही लिहिलेलं नाही. जात आणि वजन लिहा, पंख उघडून काढलेला एक फोटो टाका. सोफ्यावरचा नको.